गुलजहान आत्याचं वजन आणि मागची स्प्रिंग

गेदाबेच्या डोंगरातल्या चढावर दुसऱ्या गतिरोधकापाशी तर्लानने गाडी थांबवली आणि मागे न बघताच म्हणाला, "उतरा."

"परत?" गुलजहान आत्या म्हणाली.

"परत."

तिघंही वडीलधारे मुकाट्याने उतरले. मिठाईचा डबा छातीशी धरून आत्या, तिच्यामागे खानलार काका आणि सगळ्यात शेवटी शेजारचे मुरसल आजोबा. आजोबांनी टोपी नीट केली आणि छाती काढून असे चालू लागले, जणू सैन्याची तपासणी करताहेत. रिकामी झिगुली गाडी पोट सांभाळत, तिरपी होत गतिरोधक उतरली. कुंपणावरच्या एका गाढवाने हे सगळं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

वरच्या गावात अगासेफची मुलगी नुशाबे हिला तर्लानसाठी मागणी घालायची होती. मुलीकडच्यांना नकार द्यायचा असेल तर चहा बिनसाखरेचा येतो. होकार असेल तर साखर पडते. कौल लागेपर्यंत पाहुण्यांपैकी कुणी पेल्याला ओठ लावत नाही. नवऱ्या मुलाने तर उंबऱ्याच्या आतही जायचं नसतं. पण ही गाडी तर्लानशिवाय कुणाला चालवता येत नसे, म्हणून आज तो ड्रायव्हर म्हणून आला होता. त्यालाही ती नीटशी येत होती असं नाही. त्याला फक्त तिची सवय होती.

दोन उन्हाळे त्याने शमकीरच्या घरच्या अंगणात तिच्याखाली काढले होते. स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापला, लांब जाऊन पाहिलं, सौंदर्य कमी वाटलं, आणखी एक कापला. शेवटी गाडीखालून कोंबडी जाईनाशी झाली, तेव्हा त्याचं समाधान झालं. कोंबडीचं झालं नाही.

मागणीचा दिवस ठरल्यावर मात्र त्याची झोप उडाली. वडीलधाऱ्यांना घेऊन गाडी चढावर घासली तर? म्हणून त्याने प्रत्येकाला वजन विचारलं, तेवढी बटाट्याची पोती सीटवर मांडली आणि उंची जुळवली. पोत्यांना तो नावानिशी हाक मारी. "मुरसल आजोबा, जरा सरका." सगळं चोख जमलं होतं. फक्त आत्याने सांगितलेलं वजन तिच्या लग्नातलं होतं.

शेवटचा गतिरोधक नेमका अगासेफच्या फाटकासमोर होता.

"उतरा," तर्लान म्हणाला.

"दारात पायी?" मुरसल आजोबा कडाडले. "मुलगी मागायला आलोय का पाव मागायला? चालव!"

"आजोबा, स्प्रिंग—"

"तुझ्या स्प्रिंगसाठी माझी दाढी पांढरी झालेली नाही. चालव म्हणतो ना!"

तर्लानने श्वास रोखला. पुढची चाकं गेली. मागची जाताना आत्याने पण श्वास रोखला, पण त्याने वजन कमी होत नाही. धाड! कापलेली स्प्रिंग जागेवरून निसटली, गाडी मागच्या डाव्या कुशीवर बसली आणि घरंगळत भिंतीलगतच्या, बागेला पाणी नेणाऱ्या कोरड्या पाटावर जाऊन थांबली. फाटक उघडलं. वडीलधारे जणू काहीच झालं नाही अशा तोऱ्यात, जरासे वाकडे होत उतरले आणि आत गेले.

तर्लान एकटा उरला. आत चहा ओतला जात असणार. आपण काहीतरी करत राहावं, नाहीतर खिडकीशी जाऊन उभे राहू, एवढं त्याला कळत होतं. गाडीखाली पाट होता, म्हणजे आयता खड्डा. त्याने जॅक लावला, चाक लोंबकळलं. मग तो पाटात आडवा झाला आणि खालून हात घालून स्प्रिंग जागेवर बसवली. एवढं सुरेख काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. तेवढ्यात पाटाची भुसभुशीत कड जॅकखाली दबली आणि गाडी अगदी सावकाश, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी, पाटावर बसली.

लागलं काहीच नाही. पाट खोल होता. फक्त बाहेर यायला जागा उरली नव्हती. हात तेवढा बाहेर जात होता. ज्या फटीचा त्याला दोन वर्षं अभिमान होता, त्या फटीतून आता त्याला जग दिसत होतं. ते चार बोटं उंच होतं.

त्या जगात दोन धुळकट बूट आले.

"आत कोण आहे?"

"ड्रायव्हर," तर्लान पटकन म्हणाला.

"मी अगासेफ. जरा विचार करतो म्हणून बाहेर आलोय. पाहुणे चहाकडे बघत बसलेत." बूट थोडे जवळ आले. "घटकाभरात पाटाला पाणी सुटेल हां. आज आमच्या बागेचा वार."

"मामा, जरा बाहेर काढता का?"

"काढतो की. ट्रॅक्टरचा जॅक आहे." बूट गेले, आले. फळी आपटली, लोखंड खणखणलं, दांडा अर्धा फिरला आणि थांबला. "तुझा मालक कसा आहे रे? नवरा मुलगा?"

"लाखात एक."

दांडा हलला नाही.

"म्हणजे, तसा बरा आहे."

दांडा किंचित फिरला.

"पितो?"

"लग्नात."

"लग्नं किती असतात तुमच्याकडे?"

तर्लानने मनाशी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. "बरीच."

दांडा फिरला. खरं बोललं की गाडी उचलली जाते, हे त्याच्या ध्यानात आलं. एवढ्यात त्याच्या मानेखाली काहीतरी गार सरकलं. पाणी सुटलं होतं.

"ही गाडी इतकी खाली कुणी केली?"

"त्यानेच."

"कशाला?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "छान दिसते."

"उभं राहून पाहिलं तर?"

"हो."

"आता तू आडवा आहेस. कशी दिसते?"

"जवळ."

वर खोकल्यासारखा आवाज झाला. दांडा दोन वेळा फिरला.

"आता एकच विचारतो," अगासेफचा आवाज खाली उतरला. तो बसला असावा, कारण गुडघे दिसले. "माझी पोर लग्नानंतर याच रस्त्याने माहेरी येणार. उद्या लेकरू कडेवर असेल. प्रत्येक गतिरोधकाला उतरून चालायचं का तिने?"

पाणी तर्लानच्या पाठीखालून कमरेकडे निघालं होतं. त्याला चालून चालून खानलार काकांच्या कपड्यांची मोडलेली इस्त्री आठवली, डबा छातीशी धरून चढ चढणारी आत्या आठवली. पोत्यांनी कधी तक्रार केली नव्हती, म्हणून त्याला वाटलं होतं जमलं.

"मामा," तो म्हणाला, "ट्रॅक्टरचं जुनं टायर आहे का घरात?"

"का?"

"जाड दोन तुकडे कापून द्या. दोन्ही मागच्या स्प्रिंगच्या बुडाशी बसवतो. गाडी वर येईल."

"मालक रागावेल."

"रागावेल. पण बसवतो."

बूट गेले. सुरीचा आवाज आला, मग फटीतून काळ्या रबराचे दोन तुकडे आत सरकले. अगासेफने एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने गाडी उचलली आणि तर्लानने भिजलेल्या हातांनी रबरं बसवली. दोन उन्हाळ्यांचं सौंदर्य चार बोटं वर गेलं. "गाडी खाली सोडतो," अगासेफ म्हणाला, आणि जॅक काढून घेऊन आत निघून गेला. होकार नाही, नकार नाही.

पाणी आता कानापर्यंत आलं होतं. तर्लानला बाहेर यायचं सुचेना. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि आत्या असताना घर इतकं शांत असणं हे चांगलं लक्षण नव्हतं.

फटीत लाल सपाता आल्या. पेला जमिनीवर ठेवल्याचा किणकिणाट झाला.

"ड्रायव्हरसाठी चहा," नुशाबेचा आवाज.

तर्लानने हात लांबवून पेला जवळ ओढला. नुसत्या वासाने कळेना. मान उचलून एक घोट घेतला. कडू. बिनसाखरेचा. त्याने पेला हळूच खाली ठेवला आणि पाण्यात डोकं टेकलं. आता पाणी कुठवरही येऊ दे.

"काय झालं?"

"काही नाही. साखर नाहीये."

"साखर वर आहे," ती म्हणाली. "गाडीच्या टपावर. बाबांनीच ठेवली. म्हणाले, गाडी नीट वर आली असेल तर येईल बाहेर आणि घेईल. नाही आली तर राहू दे तिथेच."

तर्लान थबकला. "बाबांना कळलं मी कोण ते?"

"मालकाबद्दल लाखात एक म्हणणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचाय, म्हणे."

तर्लानने कूस बदलली, खांदा बाहेर काढला. खांदा निघाला. मग छाती, मग सगळा तर्लान, चिखलाने माखलेला. टपाच्या मधोमध साखरेचा एक खडा होता आणि त्याच्याकडे एक कोंबडी टक लावून बघत होती. तर्लानने तो तिच्या आधी उचलला. खिडकीत तीन पेले धरलेली तीन माणसं त्याच्याकडेच पाहत होती. त्याने खडा चहात टाकला, तशी आतल्या तिन्ही पेल्यांतही साखर पडली आणि एकदम चमच्यांची खळखळ सुरू झाली.

परतताना अगासेफने डिकीत बटाट्याचं पोतं टाकलं. फाटकासमोरच्या गतिरोधकाला तर्लानने सवयीने गाडी थांबवली.

"उतरायचं नाही," आत्या म्हणाली. मग पुढे वाकून तिने त्याच्या कानात खरं वजन सांगितलं.

तर्लान उतरला, दोन्ही रबरं नीट चाचपून आला आणि मग निघाला.