तक्रार नसलेली चारी

धाकटीला कुठे बसवत नव्हतं. कालव्याच्या वीस वर्षांच्या देखभालीचा आराखडा टेबलावर तयार होता, उद्या तो शेतकऱ्यांपुढे मांडायचा होता, आणि कालव्याची ही अभियंता खिडकी ते दार, दार ते खिडकी येरझारा घालत होती. काम झालं होतं, तर बाईने सुखाने चहा प्यायचा ना! पण चहावर साय धरली होती आणि पेन्सिलीच्या टोकाचा चावून चावून भुगा झाला होता.

आराखड्याची रीत सोपी होती. कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या ज्या चारीच्या तक्रारी जास्त, तिची दुरुस्ती आधी. गेट गंजलंय, अस्तर फुटलंय, पाणी झिरपतंय अशी ज्यांनी बोंब मारली, त्यांचा नंबर वर. ही रीत तिनेच घालून दिली होती आणि तिचा तिला भारी अभिमान होता. सगळ्यात खाली, अगदी अखेरच्या वर्षांत, कालव्याच्या टोकाची चारी होती. तिथून एकही तक्रार नव्हती.

नेमकं तिथेच मन अडकलं होतं. टोकाला बसलेली माणसं आणि गप्प? वरचे लोक पोटभर पाणी घेतात आणि खालच्यांच्या वाट्याला नुसती ओल येते, हे कालव्यावर कुणालाही ठाऊक असतं. त्यातून त्या चारीचं पाणीवाटप बघत होती तिची सख्खी थोरली बहीण. तिने शाळेत धाकटीच्या वाटेला जाणाऱ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. ती गप्प बसणारी नव्हेच.

धाकटीने गाडीची किल्ली उचलली.

थोरली शेतात पाइप ओढत होती. "अगं, न सांगता? काय झालं?"

"चारी बघायला आले."

"चारीत काय बघायचंय? घरी चल, चहा टाकते." थोरली तिला दंडाला धरून वळवू लागली. धाकटीने हात सोडवला आणि तडक चारीच्या काठावर गेली.

वर कालव्याला पाणी सुटलेलं होतं. इथे तळाला भेगा होत्या, भेगांतून गवत होतं, आणि तेही वाळलेलं.

"कधीपासून असं आहे?"

"झाली की वर्षं. विहिरीवर भागतं गं."

"तुझं भागतं. बाकीच्यांचं?"

थोरली पाइप गुंडाळत राहिली. "लोक तक्रार द्यायला निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, माझ्या बहिणीकडे बोट दाखवायचं नाही. आमची पोर हुशार आहे, आपणहून करेल."

धाकटीला रडू आलं आणि रागही आला. "ताई, तुम्ही गप्प बसलात म्हणून तर तुमचा नंबर शेवटी गेला! नंबर लागायला वीस वर्षं जातील, तोवर विहिरींना पाणी तरी राहील का?"

थोरलीने पाइप खाली ठेवला. "मग बदल ना नंबर. तुझ्याच हातात आहे."

"बहिणीची चारी आदल्या दिवशी गुपचूप वर घेतली, तर लोक आराखडा फाडून माझ्या तोंडावर फेकतील. तू उद्या ये. सगळ्यांदेखत बोल. माझ्यावर बोल."

"तुझ्यावर?"

"हो. आणि हातचं राखू नकोस."

दुसऱ्या दिवशी सभेत आराखडा वाचून झाला. कुणाला काही सांगायचंय का, असं विचारल्यावर थोरली उठली आणि पिशवीचे बंद पिळत उभी राहिली.

"बोला," धाकटी म्हणाली.

"बाई, तुमचा कालवा आमच्यापर्यंत येत नाही." हळूहळू थोरलीचा आवाज चढला. "तुम्ही कधी बघायला आलात? माझ्या घरी जेवून गेलात, शेजारच्या चारीत डोकावला नाहीत!"

वरिष्ठ साहेबांनी चष्मा काढला. "हे खरं आहे?"

"खरं आहे. मी तक्रारी मोजल्या, चारी चालून पाहिली नाही. चूक माझी." धाकटीने आराखडा मिटून ठेवला. "आणि ही माझी सख्खी बहीण आहे. म्हणून नंबर मी बदलणार नाही. सगळ्यांनी चला, डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा."

कुरकुरत, वाद घालत का होईना, लोक उठले. बाहेर गाड्या सुरू झाल्या. धाकटीने आपल्या शेजारच्या सीटवरची कागदांची चळत मागे टाकली आणि दार उघडं ठेवलं.

थोरलीने ते पाहिलं. आजूबाजूच्या लोकांवर नजर टाकली. मग आपल्या चारीच्या माणसांबरोबर मागच्या टेम्पोत चढली.