‘सुटला’शी जुळणारा शब्द

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. झाकणाला तडा गेलाय, तरी आवाज अजून शाबूत आहे.

तरुणपणी लोकगीतं जमवणाऱ्या एका संग्राहकानं मला गावोगाव हिंडवलं. माझ्यासमोर एका म्हाताऱ्या शिवणकामवालीनं बुडालेल्या नावेचं लांबलचक कथागीत गायलं. लहानपणी ती त्याच नावेत होती. पुढे संग्राहक गेला आणि मी कॅसेटसकट कपाटात पडून राहिलो. माझी कुणाला आठवणही उरली नाही.

परवा कविता शिकवणाऱ्या बाईंनी मला बाहेर काढलं. समोर त्या बुडालेल्या नावेच्या नावाड्याची पणती बसली होती, ड्यूटीवरून थेट आलेली नर्स. संग्राहकाच्या पुस्तकात छापलं होतं:

पाणी चढलं, वारा सुटला,
नावाडी तो गाढ झोपला.

या एका ओळीपायी तिच्या घराला ‘झोपाळू’ हे नाव चिकटलं होतं. बाई तपासत असलेली पुस्तकाची नवी आवृत्ती त्याच संध्याकाळी छपाईला जाणार होती.

बाईंनी बोटांवर मात्रा मोजल्या. आठ आणि आठ. नर्सचा चेहरा उतरला.

“म्हणजे ओळ बरोबरच आहे?”

“मात्रा बरोबर आहेत, यमक नाही. बाकी प्रत्येक कडव्यात शेवटची दोन अक्षरं जुळतात. इथेच तेवढी अडखळतात.”

फीत ठिसूळ झाली होती. वाजलीच तर एकदाच वाजणार होती. बाईंनी कळ दाबली. खरा शब्द मला ठाऊक होता, पण आम्हा यंत्रांना सांगता येत नाही, फक्त ऐकवता येतं. म्हातारीचा आवाज उमटला, आधीची कडवी सरली आणि ती ओळ आली: “पाणी चढलं, वारा सुटला, दोर जुना तो...” आणि नेमकी तिथेच फीत किंचाळली. शब्द गेला.

नर्स मला बंद करायला पुढे झाली. बाईंनी तिचा हात धरला.

“थांब. ही म्हातारी प्रत्येक कडव्याचा शेवट पुढच्या कडव्याच्या सुरुवातीला परत म्हणते.”

माझा रबरी पट्टा घसरत होता. होतं नव्हतं तेवढं बळ मी चाकात ओतलं.

“मधेच तुटला, मधेच तुटला...”

पट्टा निसटला. मी थांबलो.

गाणं म्हणजे काही पंचनामा नव्हे, असं बाईंनी बजावलं; पण गाण्यात नावाड्यावर आळ नाही, हे नक्की. त्यांनी लगेच छापखान्याला ओळ बदलायला सांगितली. नर्सनं घरी फोन लावला.

“आई, पणजोबा झोपले नव्हते गं.”

सध्या मी दुरुस्तीच्या दुकानात नव्या पट्ट्याची वाट बघतोय. उरलेली चार कडवी अजून ताडून पाहायची आहेत. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी कॅसेट धूळ खात पडली असेल. ती वाजतेय तोवर ऐका, लिहून घ्या. आम्ही थांबलो की माणसांना छापलेलंच खरं मानावं लागतं.