पिवळी पट्टी

"बाबा, बाण थैलीवर न्या अन् थांबा. दुसरं काईच करू नका."

अण्णाजींनी माउस सरकवला. पडद्यावरचा बाण बियाण्याच्या थैलीच्या चित्रावर गेला. अंकिता वाट पाहत राहिली, पण चित्राचा अर्थ सांगणारी पट्टी काही उमटेना.

"तू तर म्हणे पट्टी येते. कुठी येऊन राह्यली?"

तिनं स्वतः माउस धरला. बाण थैलीवर नेऊन जरा थांबवला, तशी पिवळी पट्टी उघडली: नवीन बिल इथून सुरू करा. लेकीच्या हाताला येते अन् बापाच्या हाताला नाही, आता याला काय म्हणावं?

वर्ध्यातल्या भैय्याजींच्या बियाण्याच्या दुकानात अण्णाजींचा जन्म गेला होता. यंदा भैय्याजींनी कॉम्प्युटर घेतला, बिलाचा प्रोग्राम अंकिताकडूनच करून घेतला आणि हसत हसत सांगून टाकलं, की ज्याले हे चालवता येईल तोच आता काउंटरवर बसेल. चित्रांचे अर्थ वडिलांच्या ध्यानात राहीनात, म्हणून तिनं प्रत्येक चित्राला पट्टी जोडली होती. आज रविवार, दुकान बंद; आत हे दोघंच. दुपारी भैय्याजी बघायला येणार होते. आपल्याच प्रोग्रामनं बापाची खुर्ची जाणार, ही भीती अंकिताला सकाळपासून सोडत नव्हती.

"चष्मा पुसा बरं."

"चष्म्याले काई नाई झालं. तुह्या पट्टीतच खोट आहे."

तिला रागच आला. तिनं पडद्याजवळ वाकून पाहिलं. बाण थैलीवरच होता, पण थांबला नव्हता. जागच्या जागी बारीक थरथरत होता. तिची नजर खाली माउसकडे वळली, तसा अण्णाजींनी उजव्या हातावर घाईनं डावा हात दाबला. क्षणभर पट्टी उघडली आणि मिटली.

अण्णाजींनी उजवा हात मांडीखाली दडवला.

संक्रांतीपासून बाबांनी दुकानातला चहा सोडला होता. पित्त होतं, म्हणायचे. बिलं सोबत काम करणाऱ्या कवडूकडून लिहून घ्यायचे, त्याचं अक्षर चांगलं म्हणून. दोन्हीमागं हा हातच होता, हे अंकिताच्या आता ध्यानात आलं.

"उठा जरा बाबा," ती म्हणाली. "माह्यंच चुकलं."

तिनं सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या. चित्रं मोठी केली. वाक्यं तीच ठेवली, पण पडद्याच्या तळाशी, ठळक अक्षरांत. बाण चित्राला नुसता शिवला तरी पुरे, थांबायचं काम नाही.

भैय्याजी आले आणि पाठीशी उभे राहिले. अण्णाजींनी तळाची वाक्यं वाचत वाचत बिल केलं. एकदा बाण भलतीकडे गेला तेव्हा अंकितानं पदराचं टोक मुठीत आवळलं. शेवटी छापलेला कागद खरखरत बाहेर आला आणि तिच्या जिवात जीव आला.

"जमलं की, अण्णाजी," भैय्याजी म्हणाले. मग अंकिताकडे वळले. "परवा ते पिवळं काईतरी दिसत होतं. काऊन काढलं?"

"मलेच नाई आवडलं. माणसाले उगाच ताटकळत ठेवत होतं."

भैय्याजी खुशीत होते. "जा बेटा, टपरीवर दोन चहा सांग. अण्णाजीले तर पित्त होते."

अण्णाजींनी माउसवरचा हात काढला. तो मांडीखाली दडवला नाही, समोर टेबलावर तसाच ठेवला.

"तीन सांगजो," ते लेकीला म्हणाले. "माहा कप अर्धाच भराले सांग."