स्टेनरूडना घालवायचा खर्च

डॉक्टर स्टेनरूड जाणार ही बातमी टॅमरॅक फॉल्समध्ये पसरली तेव्हा लोकांनी गाड्यांचे हॉर्न वाजवले. मी शाळेची बस चालवतो. मीही वाजवला.

स्टेनरूड आमच्या भागातल्या चारही शाळांचे अधीक्षक; डॉक्टर ही पदवी शिक्षणशास्त्रातली. माणूस वाईट नव्हता, पण त्या हिवाळ्यात त्यांनी नको तो विषय काढला. आपल्याकडे फुटबॉलला सतराच मुलं उरलीत, तेवढ्यात संघ होत नाही, तेव्हा शेजारच्या ओस्टबी गावाबरोबर मिळून एकच संघ करू, म्हणाले. ओस्टबीबरोबर! त्यांचं आमचं साठ वर्षांचं हाडवैर. आठवडाभरात घराघरापुढच्या बर्फात पाट्या रोवल्या गेल्या : 'स्टेनरूड, निघा!' शाळा मंडळ घाबरलं आणि त्यांना जायला सांगून मोकळं झालं.

मग गुरुवारच्या पेपरात आकडा आला. त्यांच्या कराराची दीड वर्षं बाकी होती आणि मुदतीआधी काढलं तर उरलेला सगळा पगार द्यावा लागणार होता. दोन लाख दहा हजार डॉलर.

मंडळाचा अध्यक्ष रोलंड फायफर, त्याचं हार्डवेअरचं दुकान. पुढचे चार दिवस गिऱ्हाईक आधी त्याच्याशी भांडायचं आणि मग खिळे मागायचं. सोमवारी संध्याकाळी सहाला मंडळ या रकमेवर मत देणार होतं. शाळेच्या व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, मग रोलंड घंटी वाजवणार. स्टेनरूड आणि त्यांची बायको सॉन्या अगदी मागच्या बाकावर बसले होते.

पहिला उठला अर्विन क्राउझ. त्याच्याकडे नव्वद गाई.

"जाऊ दे ना त्यांना! पण फुकट जाऊ दे!" तो ओरडला. "दूध न देण्याबद्दल मी गाईला पेंड घालतो का?"

टाळ्यांनी छत दणाणलं. पुढच्या बाराजणांनी तेच सांगितलं, फक्त गाई सोडून.

मग आर्लिस ब्योर्के उठली. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झालेली बाई. निम्मं गाव तिच्या हातचं खाऊन वाढलेलं.

"घंटीवरचा हात काढ रोलंड. तुला मी बारा वर्षं जेवायला वाढलंय."

रोलंडने हात काढला.

"माझ्याही दारात पाटी आहे, ते आधीच सांगते," आर्लिस म्हणाली. "निघा म्हणून आपणच सांगितलं. ते काही स्वतःहून सामान बांधत नव्हते. आता दीड वर्ष ते घरी बसणार, आपण पगार देणार. वर नवा माणूस आणला की त्याचाही पगार आपणच द्यायचा. मग यांनाच कामाला लावा की! पैसे तेवढेच लागतील."

"म्हणजे ठेवून घ्यायचं त्यांना?" अर्विनने विचारलं.

"पेंडीचे पैसे भरलेत ना? मग धार काढ." ती मागे वळली. "डॉक्टर, गाय म्हटलं त्याबद्दल माफ करा हं."

"असू दे," स्टेनरूड म्हणाले. "यंदा तुमच्या अंगणांत मी याहून वाईट वाचलंय."

आधी कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळी व्यायामशाळाच. मीही हसलो, आणि जरा लाजही वाटली.

रोलंडने घसा साफ केला. "डॉक्टर, राहाल का?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत सॉन्याबाईच म्हणाल्या, "हो म्हणा. मला पुन्हा घर हलवायचं नाहीये."

"राहतो," स्टेनरूड म्हणाले, "पण फुटबॉलचं मत गावाने टाकायचं. लोक नाही म्हणाले तर मी पुन्हा ब्र काढणार नाही."

मंडळात पाच विरुद्ध दोन मतांनी ते राहिले. एप्रिलमध्ये गावाने मत टाकलं आणि एकत्र संघाचा प्रस्ताव एकेचाळीस मतांनी पास झाला. मागाहून कळलं, आमची पोरं आदल्या उन्हाळाभर ओस्टबीच्या पोरांबरोबर तळ्याकाठी चोरून खेळतच होती. वैर काय ते आम्हा थोरांनीच जपलं होतं.

ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा ओस्टबीच्या चौकात बस थांबवली. त्यांची पोरं चढून पुढे बसली, आमची मागे.  मग मागून एक वेफर्सचं पाकीट उडत आलं आणि जो हसण्याओरडण्याचा गोंधळ सुरू झाला, तो मी आरशात बघतच राहिलो.

दीड वर्षाने करार संपला आणि स्टेनरूड निवृत्त झाले. ज्यादा एक डॉलर द्यावा लागला नाही. निरोपाला आर्लिसने तीन ॲपल-पाय भाजले आणि अर्विनने क्रीम आणलं. जर्सी आमची हिरवी हवी की त्यांची निळी, हे भांडण मात्र अजून चालू आहे. पुढच्या सोमवारी त्यावर सभा आहे, आणि ऐकतो की ओस्टबीवाले दोन बस भरून येणार आहेत.