परतीचा माल

हरीओमची पाठ फिरल्याबरोबर पदमचंदांनी शोकेसमधली डाळिंबी नेलपॉलिशची बाटली उचलली आणि बंडीच्या खिशात घातली. सत्तरी उलटलेल्या माणसाने स्वतःच्याच दुकानात चोरी करावी, हे काउंटरमागून त्यांच्या सुनेने, चंदनाने, पाहिलं. तिने नजर वळवून बिलबुक उघडलं.

हरीओम कारंज्याच्या एजन्सीचा माणूस. नव्या नियमांमुळे टोल्युईन घातलेलं नेलपॉलिश यापुढे विकता येणार नव्हतं, म्हणून जुना माल गोळा करत तो कामरगावात आला होता. त्या द्रव्याचं नाव गावात कोणाला धड घेता येत नव्हतं, पण त्याचा वास सगळ्यांना ठाऊक होता. झाकण फिरवलं की नाकात झिणझिणणारा, किंचित गोडसर. पदमचंदांच्या लेखी तो त्यांच्या संसाराचा वास होता.

लग्न होऊन आल्यावर वर्षाच्या आत त्यांच्या पत्नी अंगुरीबाई दुकानात बसायला लागल्या. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या बाया यायच्या. कापूस वेचून त्यांची बोटं चिरलेली असायची. रंग बघायची हौस दांडगी, पण हात पुढे करायची लाज वाटे, पदराआड धरायच्या. मग अंगुरीबाई रंग स्वतःच्याच नखाला लावून दाखवायच्या.

"पाह्य बरं चतुराबाई, खुलते का नाई?"

"तुह्या हाताले समदंच खुलते वं," असं कुरकुरत चतुराबाई बाटली घेऊनच जायची.

दिवस मावळेपर्यंत अंगुरीबाईंच्या प्रत्येक नखाचा रंग वेगळा झालेला असे. पुसायचे, पुन्हा लावायचे. दुकान वाढवताना पदमचंद त्यांची चेष्टा करायचे की माल विकायचा सोडून ही बाई अंगावरच संपवते. ते दिवस आठवले की म्हाताऱ्याला आजही हसू फुटायचं. काय सुखाचे दिवस होते!

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून अंगुरीबाई घरीच असत. नवरा दारात आला की म्हणत, "आला दुकानाचा वास." माल परत जाणार हे कळल्यावर काल त्यांनी आपणहून मागणी केली होती.

"एक बाटली ठेवजा माह्यासाठी. लावाले नाई वो, नुसती उघडून पाहाले."

उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. ही बाटली त्यांच्या हातात द्यायचीच, असं पदमचंदांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"काका, डाळिंबी एक कमी भरून राह्यली," हरीओम खोक्यात डोकावत म्हणाला. "नवा माल येते ना पुढच्या हप्त्यात. वास बी नाई त्याले."

"बिनवासाचं काय करू बापा? इतके वर्सं विकलं, कोनाले काई झालं नाई. आताच कायले नियम काढले?"

हरीओमने चंदनाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. उत्तर चंदनानेच दिलं.

"बाबूजी, रोजचा रोज हा वास घेनाऱ्या बाईच्या पोटातल्या लेकराले धोका असू शकते म्हनतात. कधी कधी टिकतच नाई. म्या वाचलं."

पदमचंदांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

मुलगा संयम याच्या आधी अंगुरीबाईंची दोन बाळं पोटातच गेली होती. पुन्हा दिवस गेले तेव्हा पदमचंदांच्या आईने फर्मान सोडलं: बाजारातल्या बायांची नजर लागते, सुनेने दुकानाची पायरी चढायची नाही. नऊ महिने त्या घरात राहिल्या आणि संयम झाला, ठणठणीत. घरादाराने नजरेला बोल लावला, पण अंगुरीबाईंना ते पटलं नाही. त्या गरीब बायांची कसली आलीय नजर? आपलंच मागच्या जन्मीचं पाप असलं पाहिजे, असं त्यांनी धरलं. तेव्हापासून दर अष्टमीला आणि चौदसला सकाळी देवापुढे बसून त्या दिवसभराच्या निर्जळी उपवासाचा नियम घेत. जे आले नाहीत त्या दोघांसाठी.

पदमचंदांनी बाटली काढून खोक्यात ठेवली.

"घे बापा, तुही डाळिंबी."

घर काही लांब नव्हतं, पण त्यांनी वाटेत रामधनच्या पानठेल्यावर उगाच बैठक मारली. सांगावं तर तिला वाटेल, आपल्याच हाताने आपण लेकरं घालवली. न सांगावं तर नसलेल्या पापापायी ती अशीच उपाशी राहणार. आज अष्टमीच होती. शेवटी 'कंपनीनं सगळंच नेलं' हे वाक्य त्यांनी तयार केलं आणि उठले.

अंगुरीबाई ओसरीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

"आनली?"

"नाई."

"काहून?"

तयार केलेलं वाक्य पदमचंदांच्या तोंडून निघेना. या बाईशी त्यांना कधी खोटं बोलता आलं नव्हतं. ते शेजारी बसले आणि चंदनाने सांगितलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं.

अंगुरीबाईंनी ऐकून घेतलं.

"नक्की हाय का हे?"

"नक्की कोन सांगन आता? पन संयमच्या वेळेस तू घरी होती." पदमचंद म्हणाले. "मले मालूम असतं तं बसूच दिलं नसतं तुले."

"तुमाले कसं मालूम असन? कोनालेच नोतं." मग त्या एकदम म्हणाल्या, "चतुराबाईले तं पाच लेकरं झाले. ते हप्त्यात एकडाव लावे, म्या दिवसभर."

त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पदमचंद उठून माठाकडे गेले आणि पाण्याचा पेला भरून घेऊन आले.

"घोटभर तरी घे."

"आजचा नियम घेतला, तो पुरा करीन," अंगुरीबाई पेला बाजूला सारत म्हणाल्या. पदराने डोळे पुसले, माळ गुंडाळून डबीत ठेवली. "पन चंदनाले सांगून ठेवजा. चौदसले माह्याही पोळ्या टाक म्हना."