अंगठ्याखालची नाडी

नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला वॉर्डातल्या पहिल्या दिवशी नेमकं येतं काय, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच : भीती. ती मात्र भरपूर येते.

घरात तिला सगळे तुरतुरी म्हणत, कारण जन्मात ती कधी सावकाश चाललेली कुणी बघितली नव्हती. त्या सकाळी मात्र पुरुषांच्या वॉर्डाच्या दारात तिचे पाय उचलेनात. आईने गणवेशाला इतकी खळ घातली होती की नुसता हात वर केला तरी तो कुरकुरायचा. बूट मोठ्या बहिणीचे होते, पुढे कापूस कोंबून बसवलेले. निघताना बहिणीने चिडवलंही होतं की संध्याकाळपर्यंत कुठेतरी धडपडून तूच खाटेवर जाशील. आई तेवढी म्हणाली होती, नीट कर गं, तिथे माणसं असतात.

वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर बोलायच्या कमी, पण बोलल्या की लागायचं. त्यांनी चौघी नव्या मुलींना औषधांच्या कपाटापाशी उभं केलं आणि पक्क्या लक्षात ठेवा म्हणून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, नाडी तीन बोटांनी बघायची, अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्यात आपली स्वतःची नाडी उडते आणि फसवते. दुसरी, नातेवाइकांना पेशंटबद्दल काही सांगायचं नाही. बरं आहे हेही नाही आणि बरं नाही हेही नाही. कुणी विचारलंच तर सिस्टरना विचारा म्हणायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं.

चौघींनी माना डोलावल्या. यात नवीन काय होतं? अंगठ्याचं तर वर्गात घोकून झालं होतं. पण वर्गात एकमेकींचीच मनगटं धरायची, आणि तिथे सगळ्या ठणठणीत. कुणी कशीही बघितली तरी आकडा बरोबरच यायचा.

तुरतुरीच्या वाट्याला खिडकीजवळची खाट आली. खाटेवर एक म्हातारे पेंटर होते. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, आणि नखांच्या कडांना बसलेला निळा रंग आता कशानेही निघणार नव्हता. डोळे मिटलेले, श्वास वरवरचा. शेजारच्या स्टुलावर त्यांची लेक बसली होती, चाळिशीची असेल. साडीची पार चुरगळ झालेली, केस कसेतरी गुंडाळलेले. कित्येक रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे सांगायची गरजच नव्हती.

"सिस्टर, जरा बघता का यांच्याकडे?" ती म्हणाली.

आजवर तुरतुरीला कुणी सिस्टर म्हटलं नव्हतं. आईच्या वयाची नसली तरी मावशी शोभेल अशी बाई आपल्याला अहोजाहो करते आहे, हे ऐकून ती हुरळून गेली. माणसाचं हे असंच असतं, एका शब्दाने ते स्वतःला भलतंच मोठं समजायला लागतं. भीती कुठल्या कुठे पळाली.

ती ताई हळू आवाजात बोलत राहिली. तिची आई अशाच एका दवाखान्यात वारली होती. तेव्हा ही खाली औषधं आणायला उतरली होती, आणि परत येते तो खाटेभोवती पडदा. म्हणून या वेळी तिने ठरवलं होतं की बाबांच्या जवळून हलायचं नाही. जेवण शेजारीण आणून द्यायची. पण पहाटे बाबा बऱ्याच वेळाने शुद्धीवर आले आणि म्हणाले, ही उशी आहे की वीट? माझी घरची उशी आण. मग पुन्हा झापड आली. घर जवळच होतं, दोन गल्ल्या सोडून. पण उठायला तिचा धीर होत नव्हता, आणि बाबांनी इतक्या दिवसांत मागितलेली ही एकच गोष्ट, तीही आणली नाही तर जिवाला चैन पडणार नव्हती.

"तुम्हीच सांगा सिस्टर. जाऊ का? तेवढ्यात काही होणार नाही ना?"

इथे तुरतुरीने सिस्टरना विचारा म्हणायला हवं होतं. ते शब्द ओठांवर आलेही होते. पण समोरच्या बाईचा चेहरा बघून ते बाहेर पडेनात. तिने म्हाताऱ्यांचा हात हातात घेतला. घेतल्याबरोबर त्यांची बोटं तिच्या बोटांभोवती मिटली, आणि लहान मूल धरतं तशी त्यांनी तिची चारही बोटं धरून ठेवली. आता ती सोडवून कशी घ्यायची? तिच्याच्याने ते झालं नाही. मनगटापर्यंत पोचत होता तो फक्त अंगठा. तिने तो टेकवला. हात गार वाटला खरा, पण वर पंखा गरगरत होता. आणि अंगठ्याखाली नाडी लागली. चांगली भरलेली, एका लयीत.

तिचा जीव भांड्यात पडला. गणवेश, सिस्टर म्हणवून घेणं, आणि वर ही नाडी. सकाळी ऐकलेल्या दोन्ही गोष्टी एका क्षणात डोक्यातून गेल्या.

"नाडी अगदी छान आहे," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या ताई. मी आहे ना इथे."

ताईने वाकून बापाच्या कपाळावर हात ठेवला, आलेच हं बाबा म्हणाली आणि जवळजवळ पळतच निघाली. दारातून तिने एकदा मागे वळून बघितलं. तुरतुरीने मान हलवली, जा म्हणून.

दिलेला शब्द तिने पाळला. स्टुलावर बसून राहिली, हात हातातच ठेवला. थोड्या वेळाने म्हाताऱ्यांची पकड सैल झाली. गाढ झोप लागली असेल, असं तिला वाटलं आणि बरंही वाटलं. अंगठ्याखाली नाडी तशीच चालू होती. खिडकीतून येणारं ऊन चादरीवर सरकत होतं. ती मनातल्या मनात घरी सांगायच्या गोष्टी जुळवत होती, पेंटरकाका, त्यांची निळी नखं, मला सिस्टर म्हणाले सगळे.

इन्चार्ज सिस्टर खाटांवरून फिरत तिथे आल्या आणि थबकल्या.

"कधीपासून असे आहेत हे?"

"झोपलेत," तुरतुरी म्हणाली. "नाडी चांगली आहे, सिस्टर. आत्ताही लागतेय."

सिस्टरनी दुसऱ्या बाजूला जाऊन दुसऱ्या मनगटावर तीन बोटं ठेवली. मग ती गळ्यापाशी नेली. मग त्यांची नजर तुरतुरीच्या अंगठ्यावर गेली आणि तिथेच राहिली. तुरतुरीनेही आपल्या हाताकडे बघितलं. अंगठ्याखाली अजून उडत होतं, आता तर धाडधाड.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि मान हलवली. पडदा ओढला गेला. सिस्टरनी तिला पाणी दिलं. यांचं आज ना उद्या होणारच होतं, काल डॉक्टरांनी तसं म्हटलंही होतं, कुणाला काही करता आलं नसतं, एवढं त्या म्हणाल्या. तुरतुरीला ते कळत होतं. पण ताई जाऊ का म्हणून विचारत होती, आणि तो हात तेव्हाच गार होता. खरी नाडी बघितली असती तर ताईला कुणी उठू दिलं नसतं. शेवटच्या वेळी बापाजवळ असणं, एवढी एकच गोष्ट त्या बाईला हवी होती, आणि तीच हिने घालवली.

"तिला मी सांगते," सिस्टर म्हणाल्या. "तू चहा पिऊन ये. तुझ्या अंगठ्याचं तिला कळून तिचा काय फायदा?"

तुरतुरी गेली नाही. पडद्याच्या आत खाटेपाशीच उभी राहिली.

ताई आली ती धापा टाकत, काखेत उशी. जुन्या मऊ कापसाची, अभ्र्यावर रंगाचे डाग. सिस्टरनी पडद्याबाहेरच तिचा हात धरून दोन वाक्यांत सांगितलं. ताईने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती आत आली, बापाचं डोकं उचललं, दवाखान्याची उशी काढली आणि घरची घातली. मग म्हणाली, झोपलेत ते, मघाशी नाडी छान होती, या सिस्टरनीच बघितली. असं म्हणत तिने त्यांचा हात उचलला आणि मघाशी बघितलं होतं तसाच अंगठा मनगटावर टेकवला.

तिचा चेहरा उजळला.

"लागतेय की. बघा ना, चांगली लागतेय."

सिस्टरनी मान फिरवली. गप्प बसणं सोपं होतं, आणि सिस्टरनी तशी मुभाही दिली होती. पण त्या उजळलेल्या चेहऱ्यापुढे गप्प बसवेना.

"ताई, ती तुमची आहे," ती म्हणाली. "अंगठ्याला आपलीच लागते. मघाशी मला लागली ती माझी होती. त्यांची मी बघितलीच नाही, आणि तुम्हाला जा म्हणाले."

आता ही बाई ओरडेल, मारेल, याची ती वाट बघत राहिली. मारलं असतं तर बरं झालं असतं. ताईने फक्त अंगठा उचलला आणि त्याच्याकडे बघितलं.

"मी थांबले असते गं," ती म्हणाली. "उशी काय, नंतरही आणली असती."

"हो," तुरतुरी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचा तिला धीर होत नव्हता.

मग ताईने बापाचा हात तिच्यापुढे धरला.

"त्यांची कुठे लागायची? दाखव मला."

तुरतुरीने ताईची तीन बोटं धरली आणि मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, हाडाला लागून बरोबर जागी ठेवली, सकाळी सांगितलं होतं तशी. ताई मान खाली घालून कितीतरी वेळ तिथे नाडी शोधत राहिली, आणि तुरतुरीने तिची बोटं त्या जागेवरून हलू दिली नाहीत.