क्लिफर्डची पाटी

"चक्र फिरलं, तर मी गळ्यात पाटी अडकवून कॅन्टीनमध्ये उभा राहीन," क्लिफर्ड म्हणाला. "भर जेवणाच्या वेळेला."

"पाटीवर काय?" शेजारच्या खोलीत बसून इमारतीच्या चाव्या सांभाळणाऱ्या लेनने चहात बिस्किट बुडवत विचारलं.

"'मला यंत्राने हरवलं.' आणि नाही फिरलं, तर तीच पाटी तुझ्या गळ्यात."

"लागली. पण लेका, अक्षर झकास काढ हं."

हे क्लिफर्डला सांगायचं म्हणजे कमालच. यॉर्कशायरमधल्या त्या विद्यापीठात पोरांचं टीव्ही केंद्र होतं, तळघरात. तिथे अकरा वर्षं हा गडी काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने कार्यक्रमांची नावं लिहीत होता. पुठ्ठ्यावर कॅमेरा रोखला की झालं शीर्षक. शेवटची नामावळीही त्याच्याच हातची. चहा आणणाऱ्याचं नाव तिच्यात असे, क्लिफर्डचं नसे. लिहिणाऱ्याने स्वतःला लिहायचं नसतं, हा तिथला रिवाज. पाडला कोणी? त्यानेच.

आता ब्याऐंशी साली गणिताच्या गिलियनने केंद्राचं चिन्ह, एक चक्र, संगणकावर फिरवायचा घाट घातला होता. जमलं तर क्लिफर्डचं टेबल उचलणार आणि त्याला परत वर्कशॉपमध्ये तारा जोडायला धाडणार.

संगणक महाआळशी. एक चित्र काढायला चार मिनिटं.

"गोगलगाय पोचली का रे?" लेन रोज दारातून डोकवायचा.

एके दिवशी गिलियन रडवेली होऊन आली. "टेपवर एकेक चित्र नीट बसतच नाही, क्लिफ. प्रत्येक वेळी उडी मारतंय. तीन महिने पाण्यात गेले माझे."

क्लिफर्डला पैज जिंकायला नुसतं गप्प बसायचं होतं. पण अर्धवट काम त्याला बघवत नसे. एवढाच काय तो दुर्गुण.

"कपाटातला जुना फिल्म कॅमेरा काढ," तो म्हणाला. "एकदा बटण दाबलं की एकच चित्र घेतो तो."

सहा दिवस रोज दुपारी गिलियन तासांना गेली आणि क्लिफर्ड संगणकाच्या पडद्यासमोर कॅमेरा रोखून, काळं फडकं डोक्यावर घेऊन बसला. दर चार मिनिटांनी बटण. दोनशे चित्रं, आठ सेकंदांसाठी.

सोमवारी कॅन्टीनच्या टीव्हीवर चक्र फिरलं. पोरांनी टेबलं बडवली. मग नामावळी आली, तीही संगणकाने लिहिलेली. सगळ्यात वर: 'चित्रे: संगणक'.

"ते मीच टाकलं," गिलियन हसत म्हणाली. "गंमत आहे ना, क्लिफ?"

"आहे की."

मंगळवारी भर जेवणाच्या वेळी क्लिफर्ड पाटी घालून आला. पोरं खिदळली. थट्टेची जय्यत तयारी करून आलेला लेन पाटीजवळ गेला आणि वाचतच राहिला. एक रेघ इकडची तिकडे नव्हती.

"एवढं जीव ओतून कशाला लिहायचं, बाबा?"

"पैज आहे."

"आणि खाली कोपऱ्यात बारीक काय आहे हे?"

"नामावळी."

लेनने चष्मा लावला. 'अक्षरे: क्लिफर्ड रॅम्स्डन'.

रंग अजून ओला होता. लेनने आणून दिलेला चहा क्लिफर्डने कप अंगापासून लांब धरून, मान पुढे काढून, उभ्याउभ्याच प्यायला.